निरोगी निघालेल्या गायी

मी जनावरांची डॉक्टर आहे आणि गेल्या अकरा वर्षांत मी एकाही जनावराला बरं केलेलं नाही. कॅनडात विनिपेगपासून पाऊण तासावर एक छोटा कत्तलखाना आहे, तिथे सरकारच्या वतीने मी उभी असते. ट्रेलरमधून उतरलेली गाय चालते कशी, धापा टाकते का, तिच्या डोळ्यांत तेज आहे का, हे आधी बघायचं. मग ती कापली गेली की तिचं डोकं, फुप्फुसं, लिव्हर आणि ठिकठिकाणच्या गाठी चिरून बघायच्या. या गाठी प्रत्येक जनावरात असतात, आणि रोग लपला तर बहुधा त्यांच्यातच लपतो. सगळं नीट असेल तर मांसावर शिक्का बसतो आणि ते लोकांच्या ताटात जातं. नसेल तर मी लाल चिठ्ठी लटकवते. मग माझ्या परवानगीशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही.

नागपूरला शिकत होते तेव्हा कुणी म्हणालं असतं की तू पुढे हे करशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले, आमच्या डिग्रीला इथे कुत्रं विचारत नाही हे कळलं, परीक्षा देत बसले, आणि मध्येच ही नोकरी मिळाली ती आजतागायत. सासूबाई आमच्याकडेच असतात. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्या मोठ्या तोऱ्यात सांगतात, "आमची सून गव्हर्न्मेंटमध्ये डॉक्टर आहे." कसली डॉक्टर, असं कुणी पुढे विचारलं की त्यांना नेमकी वॉशरूम आठवते. मी चिडते, पण खरं सांगायचं तर मीही कुणाला फार तपशील देत नाही.

म्हाताऱ्याची ओळख कामावरच झाली. पंचाहत्तरीचा, एकटा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं लांबच्या शहरांत. उत्तरेला त्याचा गोठा होता, पन्नास-एक दुभत्या गायींचा. एकदा तो स्वतःच्या ट्रेलरमधून एक गाय घेऊन आला. तिला ताप होता आणि ती मागचा पाय टेकवत नव्हती. मी तिला कापण्याआधीच थांबवलं. गाय थांबवली की मालक मला काय काय ऐकवतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या रंगापासून माझ्या इंग्रजीपर्यंत सगळ्याचा उद्धार होतो. म्हाताऱ्याने टोपी काढली, गायीच्या पायाशी वाकून बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं. हे मला दिसायला हवं होतं." एवढ्यावरच मला तो आवडला. माझी चूक नसताना माझ्यावर न ओरडणारा माणूस मला लगेच आवडतो, इतकी त्या नोकरीने माझी सवय बिघडवली आहे.

त्याच दिवशी बोलता बोलता तो म्हणाला की घरी एक गाय व्यायली, वासराला पाजून उरलेलं दूध त्याने ओतून दिलं. पहिल्या दिवसांचं दूध टँकरमध्ये चालत नाही, मग करायचं काय?

चीक ओतून देतात! माझा जीव तुटला. मी तिथेच, डोक्यावर हेल्मेट आणि हातात सुरी घेऊन, त्याला खरवसावर व्याख्यान दिलं. गूळ, वेलची, जायफळ, वाफ. तो ऐकून घेत होता. वासराच्या तोंडचं दूध माणसं पुडिंग करून खातात, हे त्याला पटलेलं दिसलं नाही. पण दोन आठवड्यांनी फोन आला. "डॉक, युअर यलो मिल्क इज रेडी."

आता हे लिहिताना मान खाली जाते. कच्चं दूध असं कुणाला द्यायलाही बंदी आहे आणि ते का, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मांसावर शेणाचा डाग दिसला तर काम थांबवणारी मी, लोणच्याच्या बरणीत चीक घालून, सीटखाली लपवून घरी आणत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. मनाची समजूत अशी काढायची की तो विकत नाही, आपण वाफवून खातो, आणि सासूबाईंचा चेहरा बघा किती फुलतो. गूळ पुरेसा झाला का, हे बघायला त्या कच्च्या मिश्रणाचं बोट चाटायच्या. तेही मला दिसत होतं.

चिकाच्या निमित्ताने मी गोठ्यावर जायला लागले, आणि मग निमित्ताशिवायही. त्याची कॉफी भयंकर असायची, तीनदा गरम केलेली. प्रत्येक गायीला नाव होतं आणि तो ती नावं मास्तरांनी हजेरी घ्यावी तशी घ्यायचा. एका रविवारी एक कालवड अडली. त्याचा नेहमीचा डॉक्टर लवकर पोचणार नव्हता. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी बाह्या वर केल्या. कित्येक वर्षांनी मी जिवंत जनावराच्या पोटात हात घातला. वासराचा पाय दुमडलेला होता, तो सरळ केला, ओढलं, आणि ते धपकन गवतावर पडून शिंकलं. मी रडले. म्हातारा दुसरीकडे बघत बादली विसळत राहिला. परतताना मला वाटलं की मी अजून डॉक्टर आहे, आणि हे मला त्या गोठ्याशिवाय कुठेच वाटत नाही.

त्याच्या कळपात एक सगळ्यांत म्हातारी गाय होती, कपाळावर पांढरा चट्टा असलेली. फार वर्षांपूर्वी त्याने ती दुसऱ्या कुणाच्या तरी लिलावातून आणली होती. त्या सप्टेंबरात मी तिला बघितलं तर तिच्या फासळ्या दिसत होत्या. दूध आटलं होतं. म्हातारा म्हणाला, तिने खूप दिलं, आता मरेपर्यंत इथेच राहू दे.

"तिला ही थंडी झेपणार नाही," मी म्हटलं. "जानेवारीत बर्फात पडली तर तुम्ही एकटे तिला उठवणार आहात का? पाठवून द्या."

तो नको नको म्हणत होता. मी हट्टाला पेटले की ऐकत नाही. शेवटी त्याने मान हलवली. तो कळप गेला त्याची सुरुवात माझ्या या सल्ल्यापासून झाली. ती गाय गोठ्यात मेली असती तर तिची गाठ कुणी चिरून बघितली नसती.

ऑक्टोबरात तो तिला स्वतः घेऊन आला. उतरताना तिच्या मानेवर हात ठेवून चालत होता. मी बाहेरून तपासलं. म्हातारी, रोड, बाकी काही नाही. तो मला हात करून निघून गेला.

तिचं डोकं माझ्यासमोर आलं तेव्हा कपाळावरच्या चट्ट्यावरून मी ओळखलं. घशामागच्या गाठीवर सुरी ठेवली आणि सुरी करकरली. निरोगी गाठीतून सुरी सहज जाते. ही आतून पिवळट होती, भिजवलेल्या रव्यासारखी, आणि त्या रव्यात खडे होते.

गायींचा क्षय. नागपूरला असताना अशा गाठी मी पुष्कळ पाहिल्या होत्या, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. इथे हा रोग जवळपास संपवला आहे. तो संपलेला राहावा म्हणून नियम कडक आहे: एका गायीत सापडला आणि कळपात पसरल्याची शंका आली, की तिच्याबरोबर राहिलेला सगळा कळप मारायचा. एकेक गाय मारून आणि चिरून बघितल्याशिवाय आत काय आहे ते खात्रीने कळत नाही. नवीन आलेल्या पोरांना हे मीच शिकवते.

त्या क्षणी माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. पलीकडचा माणूस सुरीला धार लावत होता. ती गाठ कापून बादलीत टाकायला मला दोन सेकंद लागले असते, आणि साधं जुनं गळू होतं असं म्हटलं असतं तर कुणी मला दुसरा प्रश्न विचारला नसता. मी हा विचार केला. केला नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला त्याची हजेरी ऐकू येत होती, एकेक नाव. मग मला वाटलं, उद्या तो रोग दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात, दुसऱ्या कुणाच्या पोराच्या दुधात गेला तर? मी लाल चिठ्ठी लटकवली. दोरा दोनदा सुटला.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "गुड कॅच." स्लिपमध्ये झेल घेतल्यासारखं. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण त्यांचं काय चुकलं? त्यांना ती गाय नुसता नंबर होती. मग मी त्यांना चिकाचंही सांगितलं. सगळं, बरणीसकट. या केसमधून तू बाहेर, ते म्हणाले. घरच्या सगळ्यांची तपासणी करून घे. आणि फाइल बंद होईपर्यंत त्या माणसाशी संपर्क नको. फोन नाही, भेट नाही, निरोप नाही. ताकीद देणारं पत्रही पाठोपाठ आलं. ते मी कमावलेलंच होतं.

घरी सासूबाईंच्या हातावर टेस्टची सुई टोचली. त्यांनी हात असा धरला होता की जणू तो गळूनच पडणार आहे. लेक म्हणाली, "आज्जी, इट्स जस्ट अ टेस्ट." हात सुजला, म्हणजे क्षयाची शंका आली, पण पुढे एक्स-रे आणि रक्त सगळं स्वच्छ आलं. त्या सुटकेच्या दिवशीच त्यांनी मला विचारलं,

"त्या बिचाऱ्याला फोन केलास का गं?"

"आई, मला अलाउड नाही."

"अलाउड नाही म्हणजे? चोर आहे का तो?"

"इन्व्हेस्टिगेशन चालू आहे. माझा त्यात कॉन्फ्लिक्ट आहे."

"आपल्याकडे कुणाकडे वाईट झालं तर माणूस नुसतं जाऊन बसतं दोन मिनिटं. बोलायलाच हवं असं कुठे आहे?"

"आई, तुम्हाला इथले रूल्स नाही कळत."

मी हे चांगलंच फटकारून बोलले. त्या मटार सोलायला लागल्या. वाद मी जिंकले. सत्तरी ओलांडलेल्या बाईशी तिला न येणाऱ्या शब्दांत वाद जिंकणं काही अवघड नसतं.

त्या आठवड्यात त्याचा व्हॉइसमेल आला. "डॉक, इट्स मी. कॉल मी व्हेन यू कॅन." आवाज नेहमीसारखाच होता, थोडा बसलेला. मी तो दोनदा ऐकला आणि साहेबांना कळवलं की असा फोन आला होता, मी उत्तर दिलेलं नाही. त्यांनी नोंद केली. पुन्हा त्याचा फोन आला नाही.

पुढचं मला ऑफिसातून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. सगळ्या गायींना टेस्टची सुई दिली. काहींची त्वचा सुजली. त्यावरून नक्की काही सांगता येत नव्हतं, आणि नक्की सांगता येत नाही तेव्हा नियम एकाच बाजूला झुकतो. नोव्हेंबरच्या शेवटी निर्णय झाला. कळप दुसऱ्या कत्तलखान्यात जाणार, तपासणी दुसरा डॉक्टर करणार. तारीख कुणी मला सांगितली नाही, पण कामाच्या वेळापत्रकावर ती सगळ्यांनाच दिसत होती.

त्या दिवशी मी माझ्या जागेवर कामाला होते. सुट्टी घेऊन काय केलं असतं? सकाळपासून दुसऱ्यांच्या गायींच्या गाठी चिरत होते. एकाने गरम पाण्यात न बुडवता सुरी पुढच्या गायीला लावली, तर मी त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल तसं झापलं. त्याची चूक होती, पण एवढ्या बोलण्याची नव्हती. दुपारी लॉकररूममध्ये बसले तेव्हा लक्षात आलं की आता ते झालं असेल. गोठ्यात दूध काढायची वेळ झाली होती. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्याला त्या वेळी काही काम नसेल. मला त्या कळपाचं दुःख झालं, पण त्याहून जास्त त्या रिकाम्या वेळेचं झालं.

हिवाळाभर मी त्याच्यासाठी रडले. त्याच्या गावाचा फाटा असलेल्या रस्त्याने जायचं मी टाळायचे. आम्ही नवीन नोकरांना शिकवतो ते सगळं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायचे: नियम बरोबर आहे, रोग लपून राहतो, एक कळप वाचवायला गेलो तर दहा जातील. ते आजही मी मान वर करून सांगेन. पण बरोबर असल्याने झोप लागते असं काही नाही.

मार्चच्या शेवटी साहेबांचा फोन आला. लॅबचं सगळं काम संपलं होतं. पन्नास गायींपैकी एकीतही रोग सापडला नाही. ज्यांची त्वचा सुजली होती, त्याही आतून निरोगी निघाल्या. त्या म्हाताऱ्या गायीने तो रोग लिलावातून येतानाच आणला असावा, आणि इतकी वर्षं तो तिच्या एकटीच्या गाठीत बसून राहिला, कुणालाही न देता. "फाइल क्लोज झाली," साहेब म्हणाले. "आता तू त्याच्याशी बोलू शकतेस."

शनिवारी सकाळी निघाले. बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. मी वाटेत वाक्यं जुळवत होते: सगळ्या निरोगी होत्या, मला वाटलं तुम्हाला माझ्याकडून कळावं.

तो गोठ्यात होता. गोठा धुतलेला, औषधाने निर्जंतुक केलेला, ज्याला शेणाचासुद्धा वास नाही असा. तो खराट्याने झाडत होता. झाडायला काहीही नव्हतं.

"पत्र परवा आलं," मी काही बोलायच्या आत तो म्हणाला. "काही सापडलं नाही असं लिहिलंय. म्हणजे चांगल्या होत्या ना?"

"हो. सगळ्या."

"मला माहीत होतं." मग त्याने विचारलं, "तुझी सासू? तिनेही ते दूध खाल्लं होतं ना?"

"ठीक आहे. सगळे ठीक आहोत."

"देवाची कृपा. मला त्याचीच काळजी होती. फोन केला होता तो त्यासाठीच."

तेव्हा मला साहेबांचा हुकूम सांगावा लागला, आणि तो त्या रिकाम्या गोठ्यात फार फालतू वाटला. त्याने ऐकून घेतलं. त्याने खराटा थांबवला होता.

"गाठ सापडल्यावर तू दुसरं काय करणार होतीस?" तो म्हणाला. "मीही तेच केलं असतं. सरकारचे लोक आले, सभ्य होते. ट्रकचा ड्रायव्हर सॉरी म्हणाला. दुधाच्या टँकरवाला खास थांबून सॉरी म्हणून गेला. दुकानातली मुलगी, जिला गाय आणि बैल यांतला फरक माहीत नाही, तीसुद्धा म्हणाली. मी पूर्ण हिवाळा वाट बघितली, डॉक. मला तुझ्याकडून ऐकायचं होतं. बाकीच्यांपैकी कुणी त्यांना ओळखत नव्हतं. तू ओळखत होतीस."

खरंच मी सॉरी म्हटलं नव्हतं. फोनची बंदी होती हे खरं. पण आता या गोठ्यात येऊन मला दहा मिनिटं झाली होती, आणि वाटेत जुळवलेल्या वाक्यांमध्येही तो शब्द नव्हता. मला तो सुचलाच नव्हता. सासूबाईंना फटकारलं त्यावर मी सॉरी म्हटलं नव्हतं, संध्याकाळी त्यांच्या पायाला तेल लावून दिलं होतं. नवऱ्याला मी आजवर कधी म्हटलेलं नाही.

"आमच्याकडे आपल्या माणसाला सॉरी म्हणत नाहीत," मी म्हटलं. "परक्याला म्हणतात. आपल्या माणसाला न सांगता कळतं, असं आम्ही धरून चालतो."

त्याने यावर विचार केला. रागावलेला नव्हता, गाय का खात नाही याचा विचार करावा तसा त्याचा चेहरा होता.

"असेल," तो म्हणाला. "पण मी तुझ्या माणसांपैकी आहे, हे मला कुणी सांगायला नको होतं का?"

मग मी सॉरी म्हटलं. त्याने मान हलवली आणि पुन्हा झाडायला लागला.